यंत्राला शिकवलेला कंटाळा

एका नगरात एकदा एक वृद्ध बाई उतारवयातल्या एकट्या माणसांची लग्ने जुळवीत असत. हो, साठीतल्या माणसांची. ज्यांना हसायचे असेल त्यांनी हसून घ्यावे. बाईंनी त्याची कधी पर्वा केली नाही. त्यांच्या हाताखाली एक शिष्या हे काम शिकत होती. बाईंच्या विवाह मंडळाचा नियम असा की दोन्हीकडून होकार आल्याखेरीज कोणाचा फोन नंबर कोणाला द्यायचा नाही. सारे होकार-नकार मंडळाच्या संगणकावर, मेलच्या प्रोग्राममध्ये येत, आणि ते पाहणे शिष्येकडे होते.

शिष्येचा हात मोठा झरझर चाले. लॉटरी लागल्याच्या, टकलावर केस उगवण्याच्या, फुकट सहलीच्या थापा आल्या की ती ‘जंक’चे बटण दाबी, आणि मेल जंकच्या कप्प्यात जाऊन पडे. प्रोग्रामही पाहून पाहून शिके व पुढची तसली मेल आपण होऊन तिकडे सारी. हळूहळू इनबॉक्स असा लख्ख झाला की शिष्या स्वतःवरच खूश झाली.

एके सकाळी बाईंनी येताच विचारले, “माझी मेल आली का गं?”

“तुमची? नाही बाई.”

“काल घरून पाठवली. नव्या पत्त्यावरून.”

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. शिष्या बुचकळ्यात पडली. तिने वायर काढून पुन्हा खोचली. संगणक बंद करून चालू केला. इंटरनेटवाल्याला फोनवर झापले, तर तो म्हणाला, “मॅडम, लाइन एकदम ओके आहे.” तिने स्वतःच स्वतःला मेल पाठवली, ती टुणकन येऊन पडली. मग बाईंचीच का येऊ नये? बाई वयोमानाने पत्ता चुकवीत असतील, असेही तिच्या मनात आले, पण ते बोलून दाखवण्याची छाती झाली नाही. बाई रोज पाठवीत, रोज विचारीत, आणि ‘नाही’ ऐकून नुसते “बरं” म्हणत. एरवी शाई सांडली तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई चिडत का नाही, हेच तिला उमगेना.

अशात एके दिवशी कुमुदताई आल्या. निवृत्त परिचारिका, ताठ कण्याच्या. मंडळाच्या मेळाव्यात त्यांची रेल्वेतून निवृत्त झालेल्या बिडव्यांशी गाठ पडली होती. ‘मंडळाला मेल करून कळवतो,’ असे म्हणून बिडवे गेले ते गेलेच.

“माझं नाव काढून टाका,” कुमुदताई उभ्याउभ्याच म्हणाल्या. “नाही म्हणायचं तर म्हणावं ना माणसाने! तेवढीही माझी किंमत नाही? या वयात नटूनथटून पुन्हा कोणापुढे बसायची मी नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि शिष्येला म्हणाल्या, “जंकचा कप्पा उघड.”

“बाई, त्यात नुसती घाण असते.”

“उघड म्हटलं ना!”

कप्पा उघडला. लॉटरी, केस, सहली, आणि त्यांच्या मधोमध बाईंच्या साऱ्या मेल. प्रत्येकीत तेवढेच शब्द: ‘घरात बोलायला कोणी नाही. उत्तराची वाट पाहते.’ त्यांच्याही खाली, बिडव्यांची मेल.

“पण हे मी नाही टाकलं!” शिष्या रडकुंडीला आली. “मी तर हे पाहिलंसुद्धा नाही!”

“प्रोग्रामने टाकलं. त्याला शिकवलं कोणी?” बाई म्हणाल्या. “बायकोच्या फोटोपुढे रोज चहाचा कप ठेवतो, असं पानभर लिहिणारे ते मास्तर आठवतात? ‘काय हे पाल्हाळ’ म्हणालीस आणि जंक दाबलंस. मी मागेच उभी होते. त्यांच्यासारख्या किती जणांना दाबलंस, तुझं तुला ठाऊक. अगं, फसवायला येतो तो जंक. कंटाळा आणतो त्याला उत्तर द्यायचं, नाहीतर बाजूला ठेवायचं. यंत्राला तुझं मन कुठे दिसतं? त्याला दिसतं तुझं बोट. बोटाने सांगितलं, एकटेपणाबद्दल लिहील तो टाकाऊ. ते बिचारं शिकलं! आणि आपल्याकडे एकट्या माणसांखेरीज दुसरं लिहितं कोण?”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर ‘हो बाई’ म्हणून मोकळी झाली असतीस.” एवढे बोलून बाई थांबल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. धडा बाई देत होत्या, आणि झळ कुमुदताईंना लागली होती. “चुकलं माझंही. तू मास्तरांना जंक केलंस, त्याच दिवशी हा कप्पा मी उघडायला हवा होता.”

शिष्येने ‘जंक नाही’ हे बटण दाबले. बिडव्यांची मेल इनबॉक्समध्ये आली आणि तिने ती वाचून दाखवली. ‘कुमुदताईंना माझा होकार कळवावा. घरात मी एकटाच असतो. मला स्वयंपाक येत नाही, पण शिकायची तयारी आहे. त्यांचा नकार असल्यास तोही कळवावा, म्हणजे मी वाट पाहणार नाही.’

“कधीची आहे?” कुमुदताईंनी विचारले.

“मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशीची.”

कुमुदताई खुर्चीत बसल्या.

“म्हणजे इतके दिवस त्यांना वाटतंय, की मीच उत्तर दिलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला. “आता दोन्हीकडून होकार झाला. नंबर द्या.”

त्या दिवशी शिष्या जेवायलाही उठली नाही. त्या कप्प्यातली प्रत्येक मेल ती अगदी सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिली.

एखाद्याला दूर सारताना एवढेच पाहावे, की तो खोटा आहे, की आपल्यालाच ऐकायचा कंटाळा आला आहे.