काचेच्या जागी

“काच गेली, फिल्म आली. बरं. मग काचेची जागा कुठं गेली?”

खलीलमास्तरांनी हे इतकं शांतपणे विचारलं की शैलेंद्रचं डोकंच फिरलं.

“मास्तर, कोडी घालू नका हो! साडेतीनला दवाखान्याची गाडी येणार आहे. दोन वाजून गेले.”

मी अण्णांचा शेजारी. मिरजेत त्या दुपारी त्यांच्याच व्हरांड्यात बसून होतो, म्हणून सांगतो. खोटं बोलून मला काय मिळायचंय?

अण्णांना जबड्याचा कॅन्सर. उद्या सकाळी ऑपरेशन, डावा जबडा निम्मा काढणार. त्याआधी त्यांना एकच हवं होतं. आबांच्या, म्हणजे आपल्या वडलांच्या, सागवानी कॅमेऱ्यावर एक फोटो.

“उद्यापासून हे तोंड आपलं नव्हे,” असं हसत सांगायचे. हसताना दुखायचं.

आता तो कॅमेरा चालायचा काचेच्या प्लेटवर. तसल्या प्लेटा हल्ली मिळतात कुठं? शैलेंद्र म्हणजे अण्णांचा मुलगा, पुण्यात इंजिनियर. त्यानं प्लेटच्या पेटीतल्या खाचेत बसेल अशी प्लॅस्टिकची चौकट बनवली आणि तिच्यात आजकालची पातळ फिल्म घातली. फिल्म मिळाल्या सहा. दुपारपर्यंत पाच संपल्या.

पाचही वेळा फोटो उठला. पाचही वेळा चेहरा धुरकट.

खलीलमास्तर ऐंशीचे. आबांच्या स्टुडिओत उमेदवारी केलेले. त्यांना अण्णांनीच बोलावून घेतलं. पोराला ते काही रुचलं नव्हतं.

“माझ्या मापात चूक नाही,” तो म्हणाला. “केसभरसुद्धा नाही. लेन्सच गेलीय.”

“लेन्स बरी आहे.”

मास्तरांनी पाचही निगेटिव्ह एकेक करून उजेडात धरल्या. किती वेळ लावला म्हणून सांगू!

“हात बघितलेस?”

“कुणाचे?”

“वडलांचे. कसे लख्ख आलेत.”

“हात नकोत मला, मास्तर! चेहरा पाहिजे!” त्याचा आवाज फाटला.

अण्णांनी खुर्चीत आपल्या हातांकडे बघितलं.

मी निगेटिव्ह मागून घेतली. खरंच की! पुढं गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांचं नख न् नख दिसत होतं. एका हातानं दुसरा आवळून धरलेला.

“फोकस धरलास चेहऱ्यावर, पडला पुढं हातांवर. म्हणजे फिल्म मागं बसली,” मास्तर म्हणाले. “ती चौकट काढ. आबांची काच आण.”

घरात जुनी प्लेट एकच उरली होती. तिच्यावर आबा स्वतः होते, फेट्यासकट. बाकीच्यांवरचे फोटो कधीच धुऊन काढून नुसत्या काचा तसबिरींना लावून टाकलेल्या. तेव्हा सगळेच तसं करायचे.

मास्तरांनी ती प्लेट खाचेत सोडली. मागच्या स्प्रिंगनं तिला पुढं रेटलं. टक्.

“काचेवर फोटो उठायचा तिच्या तोंडाला, लेन्सकडच्या बाजूला. तू फिल्म कुठं ठेवलीस?”

शैलेंद्रनं खाचेत बोट घालून बघितलं. पुन्हा घातलं.

“तिच्या पाठीच्या जागी… मी खाचेच्या तळापासून मोजलं, मास्तर. काचेच्या जाडीइतकं मागं, दीड मिलिमीटर. पाच फिल्म घालवल्या मी.”

“आता फिल्म पुढं घाल. तिच्या मागं ही काच.”

“ही? अहो, फुटली तर? आजोबांचा दुसरा फोटो नाही घरात!”

घड्याळात तीनला दहा कमी.

“घाल रे,” खुर्चीतनं अण्णा म्हणाले. “जन्मभर माझ्या पाठीशी उभे होते ते. फोटोपुरते आणखी चार सेकंद राहतील.”

उजेड लागू नये म्हणून शैलेंद्रनं काळ्या पिशवीत हात खुपसून पेटीत फिल्म भरली, तिच्या मागं काच. आत काच कुठंतरी किणकिणली. फुटली नव्हती.

मग तो काळ्या कापडाखाली शिरला. बाहेर आला, पुन्हा शिरला. तीनदा फोकस तपासला. शेवटी फिल्मची पेटी बसवून तिची झडप वर काढली आणि फोटो टिपायचा रबरी फुगा हातात घेतला.

“अण्णा, चार सेकंद. अजिबात हलायचं नाही. शेवटची आहे हो ही!”

अण्णांनी मान डोलावली. पण हात… ते आता आवळूनही थांबत नव्हते. थरथर खांद्यापर्यंत चढली, हनुवटी हलायला लागली. त्यांनाही ते कळत होतं, म्हणून आणखीच वाढत होती. इतका भ्यालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

“अण्णा, प्लीज… मास्तर, काय करू? हे हात थांबतच नाहीत!”

मास्तर उठले. शैलेंद्रच्या मुठीतला फुगा त्यांनी हळूच काढून घेतला.

“अहो, फोटो मी काढणार होतो! आणि फोकस जरा जरी सरकला असेल तर…”

“फोकसचं आबांची काच बघेल. तू जा. वडलांचा हात धर.”