सारजाबाईचा सोपा

"केर काढला, एवढंच केलं मी. यात माझं काय चुकलं, बुवा?"

निंबाजीबुवा मठाच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुणाचा काढलास?"

"सारजाबाईचा. खालच्या आळीतली. जिचे दोन्ही मुलगे लढाईवर गेलेत ती."

बुवांचा हात थांबला.

"सगळा काढलास?"

"सगळा," विश्वंभर म्हणाला, आणि एवढ्या गोंधळातही त्याच्या आवाजात थोडा अभिमान डोकावलाच.

हा विश्वंभर मूळचा वाईचा. शास्त्र शिकलेला, वादात भल्याभल्यांची बोलती बंद करणारा. सहा वर्षांपूर्वी घरदार सोडून तो या डोंगरावरच्या मठात आला. बुवांनी त्याचं पाठांतर एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. पंधरवड्यामागे मात्र त्यांनी त्याला सांगितलं होतं की रोज खाली गावात जा आणि दिसेल ते काम कर.

झालं. विद्येचा ताठा उतरायचा राहिला बाजूला, वर सेवेचा ताठा चढला. देऊळ झाडून झालं, चावडी झाडून झाली, पाणवठ्यावरचा गाळ उपसून झाला. प्रत्येक काम संपलं की हा गृहस्थ कुणी पाहतंय का, ते पाहून घ्यायचा.

आज सकाळी तो सारजाबाईच्या दाराशी आला. ती नदीवर धुणं घेऊन गेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं. आत सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बोटभर धूळ साचलेली. आढ्याला जळमटं, कोपऱ्यांत वाऱ्यानं आणलेला पालापाचोळा. म्हातारीच्यानं होत नसेल, असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा, त्याला तिची कणव आली होती आणि ती खरी होती.

त्यानं केरसुणी शोधली. आठ पाट्या केर निघाला. तो सगळा उकिरड्यावर टाकून आला, वर पाणी शिंपडलं, आणि म्हातारी काय म्हणते ते ऐकायला दाराशी उभा राहिला.

सारजाबाई आली ती उंबऱ्यातच थबकली. ओल्या लुगड्याचा पिळा खांद्यावर तसाच होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली.

शेजारची बायजाकाकू धावत आली आणि तिनं विश्वंभरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. घरातलं माणूस लांबच्या वाटेला लागलं की पाठोपाठ केर काढायचा नसतो. मयत उचललं की काढतात, म्हणून. माणूस पोचल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचं. सारजाबाईचे हैबती आणि ज्योती दोन वर्षांमागे याच सोप्यात पाटावर बसले, आईकडून ओवाळून घेतलं आणि साहेबाच्या पलटणीबरोबर गेले. बोटीत चढतोय म्हणून मुंबईहून एक कार्ड आलं होतं. समुद्रापलीकडे बसऱ्याला, लढाईच्या मुलखात, पोचलो म्हणून काही आलं नव्हतं.

तेव्हापासून सारजाबाई मागच्या खोलीत राहायची. तिथंच रांधायची, तिथंच निजायची. ती खोली सारवून लख्ख असायची, पण विश्वंभरनं ती पाहिलीच नव्हती. सोप्याला मात्र दोन वर्षं तिनं केरसुणी लावली नव्हती.

आता एखादा साधा माणूस गप्प बसला असता. विश्वंभर शास्त्री. त्यानं सारजाबाईसमोर बसून तिला समजावलं की आयुष्याची दोरी केरसुणीला बांधलेली नसते, रणातल्या माणसाचं मरणजगणं घरच्या धुळीवर ठरत नाही. चांगलं बोलला. मुद्देसूद बोलला.

सारजाबाईनं ते सगळं ऐकून घेतलं होतं. मग ती जे बोलली ते विश्वंभरच्या कानात डोंगर चढताना सारखं घुमत होतं. तेच त्यानं आता बुवांना जसंच्या तसं सांगितलं.

"ती म्हणाली, 'मला ठावं हाय, म्हाराज. मी काय खुळी हाय व्हय? पर पोरं गेल्यापास्नं त्यांच्यासाठी करन्यासारखं माझ्या हातात काय बी न्हवतं. न करन्यासारखं तेवढं एक हुतं. आता म्या काय करायचं न्हाई, ते सांगा.'"

बुवांनी शेंगांची परडी बाजूला ठेवली.

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला काही सुचेना…" विश्वंभरनं मान खाली घातली. "मी उकिरड्यावर गेलो. हातानं केर भरून परत आणला. ती म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या. त्यो आता उकिरड्याचा झाला.'"

 विश्वंभर आणखी जवळ सरकला.

"बुवा, एक सांगा. लढाईवरच्या माणसाचं आयुष्य घरच्या केरावर असतं का?"

"नाही."

"मग माझं काही चुकलं नाही."

"चुकलं."

"म्हणजे केरावर असतं?"

"नाही म्हटलं ना."

विश्वंभरचं डोकं चालेना. सहा वर्षांत इतकं साधं वाक्य त्याला कधी अडलं नव्हतं. चुकलं म्हणावं तर का ते कळत नव्हतं. नाही म्हणावं तर उंबऱ्यात बसलेली ती बाई डोळ्यांसमोरून हलत नव्हती. त्याला रडू येत होतं आणि ते नेमकं कशाचं, तेही त्याला ठाऊक नव्हतं.

"मी तिला एखादं व्रत सांगतो," तो म्हणाला. "सोमवार धरायला सांगतो. किंवा जप…"

"ते करणं झालं. तिनं काय विचारलंय?"

"काय करायचं नाही, ते."

"मग?"



खाली गावात कुणाची तरी गाय हंबरली. बुवा उठले, आत गेले आणि स्वतःची काठी आणि झोळी घेऊन बाहेर आले. दोन्ही त्यांनी विश्वंभरच्या हातात दिली.

"तिच्याकडे जा. सोप्यात बस. जेवायला माग. वाढील ते खा."

"बरं."

"मग तिच्या पाया पड, आणि तिच्या दारातून नीघ."

"आणि मठात परत येऊ?"

"मठात नाही."

 विश्वंभरला काठी हातात जड लागायला लागली. बुवांच्या मागे हा मठ आपणच चालवणार, असं त्यानं मनाशी कधीचं धरून ठेवलं होतं. आज पहिल्यांदाच ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं.

"मला हाकलताय, बुवा?"

"हाकलायचं असतं तर जेवून जा म्हटलं नसतं."

"मग जाऊ कुठं?"

"लांब. तिला सांग, लांब निघालोय."

"पण मी तिचा कोण लागतो?" त्यानं विचारलं. "तिच्या पोटचे दोघं तिकडं आहेत. माझ्यासारख्या वाटसरूसाठी ती कशाला केरसुणी अडवून धरील?"

"तिच्या घरचं जेवून तिच्या घरातून निघालेला माणूस. ते ती ठरवील."

 विश्वंभरनं झोळी खांद्याला लावली, वाकून नमस्कार केला आणि चार पायऱ्या उतरला. तिथं त्याला काहीतरी सुचलं. सकाळपासून पहिल्यांदाच आपल्याला नीट काही कळलंय, असं वाटून तो मागे वळला.

"कुठं का असेना, मी पोचलो की तिला लगेच निरोप धाडीन."

"धाडू नकोस."

"बुवा, ती केर न काढता वाट बघत बसेल…"

बुवा पुन्हा परडीशी जाऊन बसले होते. त्यांनी एक शेंग उचलली.

"इथं आलास, तेव्हा आईला पोचल्याचा निरोप धाडला होतास?"

विश्वंभरनं हातातल्या काठीकडे पाहिलं. 

"…नाही."

"मग तुला जमेल."