फळीवर राहिलेली पाटी

फार पूर्वी एका आडवळणाच्या गावात एक गुरुजी होते. चाळीस मुलांच्या चाळीस पाट्या ते रोज स्वतः हातात घेऊन तपासत. तपासून तपासून त्यांची पाठ धरे, म्हणून ते सदा करवादलेले असत.

राजाला त्यांची दया आली. त्याने शाळेसाठी एक बोलकी बाहुली पाठवली. ती धडा सांगे, प्रश्न विचारे आणि मूल चुकलं तर न चिडता दहादा समजावे. तिला घडवणारा कारागीर निघताना म्हणाला, "गुरुजी, धडा ही सांगेल. तुम्ही मुलांकडे बघा. हिचे डोळे नुसते रंगवलेले आहेत."

"बघतो की," गुरुजी म्हणाले आणि ओसरीवर जाऊन आडवे झाले. पाट्या फळीवर गेल्या. आता सगळी उत्तरं तोंडी होती.

त्या शाळेत एका कुंभाराची मुलगी शिकत होती. होळीच्या सुमारास तिने फळीवरची पाटी काढली, तिच्यावर चार ओळी लिहिल्या आणि ती घेऊन ओसरीवर आली.

"गुरुजी, माझी पाटी बघता? अक्षरं नीट दिसतच नाहीत."

"बाहुलीला विचार जा," गुरुजी कूस बदलत म्हणाले.

तिने विचारलं. बाहुली म्हणाली, "तुझी सगळी उत्तरं बरोबर आहेत. शाबास!" मुलीने पाटी परत फळीवर ठेवली.

घरी ती उंबऱ्याला अडखळली की आई म्हणे, "धांदरट कुठली!" शाळेत मात्र तिचा पहिला नंबर. तिच्याइतकं कान देऊन दुसरं कुणी ऐकतच नसे. गुरुजी गावभर तिचं कौतुक सांगत फिरत.

दिवाळीनंतर एक दिवस ती भिंत चाचपत शाळेत आली. वैद्यबुवांनी डोळे तपासले आणि मान हलवली. "होळीला आणली असती, तर औषध होतं. आता नाही."

गुरुजींनी तिची पाटी खाली काढली. अक्षरं भोपळ्याएवढी, ओळी एकमेकींवर चढलेल्या. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गुरुजी तिथेच बसून ढसाढसा रडले.

रडणं ऐकून मुलगी चाचपडत जवळ आली. "गुरुजी, पाटी बघितलीत का? कसं आलंय माझं अक्षर?"

कोपऱ्यातून बाहुलीच बोलली, "शाबास! आता पुढचा प्रश्न."

तात्पर्य: धडा कुणीही सांगितला तरी चालेल, पण मुलाकडे बघण्याचं काम गुरूने कुणावरही सोपवू नये. ते वेळेवर झालं नाही, तर मागून कितीही रडलं तरी उपयोग नसतो.