वेनी रे

खाडीकाठच्या एका गावात इनास नावाचे एक मास्तर एकटेच राहत होते. पाद्री होऊ घातलेल्या मुलांना त्यांनी जन्मभर लॅटिन शिकवले. आता त्या भाषेला गिऱ्हाईक उरले नव्हते आणि मास्तरांकडेही कोणी फिरकत नव्हते.

खाडीपलीकडे त्यांचा थोरला भाऊ बस्त्याव राहायचा. पूर्वी कधीतरी दोघांत शब्दाने शब्द वाढला होता. कशावरून, ते आता दोघांनाही धड आठवत नव्हते. बस्त्यावने राग केव्हाच सोडला. होडीवाल्याबरोबर तो निरोप धाडी, एकदा येऊन जा म्हणून. मास्तरांचे उत्तर ठरलेले, "येणं होईल." मनातून त्यांना जायचे होते, फार जायचे होते, पण पाऊल उचलत नव्हते. विद्वानाचा अहंकारही व्याकरणशुद्ध असतो. पुढे निरोप यायचे थांबले. भाऊ रुसला असेल, असे मास्तरांनी गृहीत धरले.

एकदा चर्चमध्ये गाणारी कॅतरीनबाई त्यांच्याकडे शिकायला आली. आपण गातो त्याचा अर्थ तरी कळावा, एवढीच तिची इच्छा. मास्तरांना हुरूप आला. त्यांनी पाटीवर 'वेनीरे' लिहिले आणि अर्थ विचारला.

'वेनी' म्हणजे 'ये', हे तिला गाण्यातून ठाऊक होते. ती म्हणाली, "सोपं आहे, मास्तर. वेनी रे. म्हणजे, ये रे. कुणीतरी कुणाला बोलावतंय."

मास्तर पुष्कळ दिवसांनी हसले. हा 'रे' आपला नव्हे, त्यांनी समजावले. लॅटिन क्रियापदाच्या शेवटी असा 'रे' दिसला की ते मूळ रूप धरायचे, आपल्या 'येणे'सारखे. मी येतो म्हणायचे तर 'वेनिओ'. तू येतोस, तर 'वेनिस'. 'वेनीरे'मध्ये मात्र कोण येतो ते नाही, केव्हा येतो तेही नाही.

"नुसतं येणं," मास्तर म्हणाले. "यात कुणीच येत नाही."

लहानपणी बस्त्याव खाडीवरून हाक मारायचा ती त्यांना आठवली. ये रे इनास. त्यांनी धडा तिथेच थांबवला, छत्री घेतली आणि होडी गाठली.

बस्त्याव ओसरीवर बसला होता. शेजारी एक रिकामी खुर्ची मांडलेली होती. "दादा, मी आलो," म्हणत ते खुर्चीत टेकू लागले.

बस्त्याव त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. वहिनी दारातून हळूच म्हणाली की हल्ली त्यांना माणसे ओळखू येत नाहीत, तरी रोज खुर्ची मांडायला विसरत नाहीत.

"तिथे नका बसू," बस्त्याव अदबीने म्हणाला. "माझा भाऊ यायचाय."

मास्तर खाली जमिनीवर बसले.

तात्पर्य: येणे, भेटणे, बोलणे यांचा कर्ता आपल्यालाच व्हावे लागते, आणि तेही वेळेवर; व्याकरणातला काळ आपल्या हातात असतो, बाहेरचा नसतो.