न्हाणीवरचं डाळिंब

खडकपिंपरीत मातीपेक्षा दगड जास्त आणि पाण्यापेक्षा पाण्याच्या गप्पा जास्त. अशा गावात गोणपाटे महाराज येऊन राहिले. का राहिले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. अंगावर एक गोणपाट, बसायला मारुतीच्या देवळामागचा कट्टा, आणि कुणी कसलंही गाऱ्हाणं घेऊन आलं तरी पहिला प्रश्न हाच, जेवलास का? महाराजांनी गावाला एक रीत लावून दिली होती. दर घरानं परसात एक तरी फळझाड लावायचं आणि त्याचं पहिलं फळ कट्ट्यावर आणायचं. महाराजांनी ते चाखलं, की मग घरच्यांनी खायचं.

या गावात पार्बता राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली तिची सासू, गिरजाबाई. पार्बता तिला आत्याबाई म्हणायची. परसू केवढं, तर दोन बाजा टाकल्या की संपलं. झाड मावणार एकच, म्हणून कुठलं लावावं याचा तिला घोर पडला. शेजारणींनी पेरूपासून लिंबापर्यंत सगळी झाडं सुचवली. ज्यांच्या परसात साधी तुळस जगत नव्हती, त्यांचे सल्ले जरा जास्तच लांब होते.

शेवटी ती महाराजांकडे गेली. महाराजांनी विचारलं, घरात खाणारं कोण? ती म्हणाली, आत्याबाईच, पण त्यांच्या तोंडात दात नाहीत.

महाराज म्हणाले, "मग मला काय विचारतेस? तिच्या जिभेला विचार. आणि झाड न्हाणीच्या पाण्याच्या तोंडाशी लाव. तुझ्याकडे तेवढंच पाणी आहे."

गिरजाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. डाळिंब, म्हणाल्या. त्यांच्या माहेरी दारात डाळिंब होतं, आणि लग्नानंतर ती चव पुन्हा जिभेला लागली नव्हती.

ही गोष्ट आबासाहेब ढवळ्यांच्या कानावर गेली. आबासाहेब गावातले मोठे बागाईतदार. कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ते स्वतःच सांगत फिरत, त्यामुळे गावाला वेगळे कष्ट पडत नसत. पारावर बसून ते पोट धरधरून हसले. "दात नाहीत आणि डाळिंब! पार्बते, त्यापेक्षा सासूला ऊस लावून दे!"

लोकही हसले. पार्बता खाली मान घालून म्हणाली, मी रस काढून देईन. आणि घरी गेली.

तीन वर्षं गेली. पार्बता रोज सकाळी चुलीवर पाणी तापवायची, सासूला उचलून न्हाणीच्या दगडावर टेकवून बसवायची, शिकेकाई लावून अंग चोळायची. ते पाणी वाहत जाऊन झाडाच्या आळ्यात मुरायचं. दुसरं पाणी त्या झाडानं पाहिलंच नाही. तिसऱ्या वर्षी त्याला फुलं आली, बरीचशी गळली, आणि एक फळ टिकलं.

फळ पिकेपर्यंत गिरजाबाईंचं अन्न तुटलं. पेज गिळेना, दूध गिळेना. वैद्यबुवा नाडी सोडून उठले, आता दोन दिवस, म्हणाले. पार्बतानं फळ तोडून आणलं, तर म्हातारीनं तोंड मिटून घेतलं. महाराजांच्या आधी नको, एवढंच तिनं खुणेनं सांगितलं. आता काय करावं? शेजारणीला उशाशी बसवून पार्बता फळ पदरात घेऊन कट्ट्याकडे धावली.

त्या दिवशी आबासाहेबही आले होते. नव्या कलमांची अकरा डाळिंबं चांदीच्या ताटात, एकेक तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं. पार्बताच्या हातातलं लिंबाहून थोडं मोठं फळ बघून त्यांनी पायरीवरच तिला अडवलं. न्हाणीवरच्या झाडाचं फळ देवाच्या माणसाला द्यायचं, ही कुठली रीत? माझ्या झाडांना मोटेचं ताजं पाणी आहे, म्हणाले. बोलता बोलता तिच्या हातातलं फळ घेऊन त्यांनी चपलांपाशी ठेवून दिलं.

झाड तिथं लावायला महाराजांनीच सांगितलं होतं, हे पार्बताच्या ओठांवर आलं. पण महाराजांचं नाव ढालीसारखं पुढं करायचं तिच्या जिवावर आलं. घरी आत्याबाईंचा श्वास चालू असेल की नाही, एवढाच विचार डोक्यात. ती तिथंच उभी राहिली.

महाराजांनी डोळे उघडले. म्हणाले, "आबा, आज रस प्यावासा वाटतोय. काढ बरं."

आबासाहेबांनी बाह्या सारल्या. डाळिंब फोडलं, दाणे माणकासारखे. पंच्यात बांधून पिळले. वाटीत थेंब पडेना. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. अकराही झाली, बोटं लाल झाली, कपाळाचा घाम टपटप वाटीत पडला, पण रस म्हणून काही पडला नाही. पाहणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. हसण्यासारखं ते राहिलंच नव्हतं.

"आता ते चपलांपाशी ठेवलंयस ते आण," महाराज म्हणाले.

आबासाहेबांनी ते आणलं, फोडलं, पिळलं. वाटी भरली. पेला भरला. महाराजांचा तांब्या काठोकाठ भरला, तरी पंचा ठिबकतच होता, आणि कट्ट्यावर शिकेकाईचा मंद वास पसरला. महाराजांनी बोटाच्या टोकावर एक थेंब घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले.

मग हळूच विचारलं, "आबा, तुझी आई कशी आहे रे?"

आबासाहेबांची आई मळ्यातल्या मागच्या खोलीत होती. तिचं सगळं गडीमाणसं बघत. शेवटचं कधी भेटलो, हे ते आठवत राहिले आणि त्यांना आठवेना. ते महाराजांच्या पायांवर वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, इथं नंतर. आधी हा तांब्या पोचव, सांडू देऊ नकोस.

सांडू नये म्हणून आबासाहेब गावातून अनवाणी, पावलं मोजत चालले. पार्बता पुढं पळत गेली. म्हातारीचा श्वास होता. महाराजांनी चाखला, असं कानात सांगताच मिटलेलं तोंड उघडलं. एक चमचा गेला, दुसरा गेला, मग तिनं स्वतःच चमचा धरून ठेवला. तिन्हीसांजेला ती भिंतीला टेकून बसली आणि पेज मागितली. पेजेत मीठ कमी आहे, असंही म्हणाली, तेव्हा कुठं पार्बताला रडू फुटलं.

ती डोळे पुसत परसात आली. आबासाहेब अजून गेले नव्हते. न्हाणीच्या दगडापाशी उभे होते.

"पार्बताबाई," ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला बाई म्हटलं नव्हतं. "म्हाताऱ्या माणसाला पाणी किती कोमट लागतं?"

"कोपर बुडवून बघायचं, आबासाहेब. कोपराला सोसलं की त्यांनाही सोसतं."

आबासाहेबांनी मान हलवली. मग मंडळी, पंचक्रोशीतला तो मोठा बागाईतदार गुडघे टेकून खाली बसला आणि त्या ओल्या दगडावर त्यानं कपाळ टेकलं.