सरकारांचा चिडलेला पाय

जांभळीच्या संस्थानिकांचा राग भारी. एकदा घोड्यावरून उतरताना त्यांचा पाय मुरगळला आणि घोटा टरारून सुजला. मालिश करणाऱ्या सोनाक्काला तातडीने बोलावणं गेलं.

“जोर लावून रगड!” सरकार गरजले.

तिने घोट्यावर गार पाण्याची पट्टी ठेवली. “आज रगडायचं नाही, सरकार.”

“हुकूम मोडतेस? संस्थानातून हाकलून देईन!”

सोनाक्काने शांतपणे विचारलं, “सरकार चिडले, की त्यांच्या अंगाला हात लावायची कोणाची छाती होते का?”

“मुळीच नाही!”

“हा पायही सरकारांचाच. सध्या चिडलाय. शांत झाला, की हलक्या हाताने तेल लावते.”

सरकार गुरगुरले, मग खो खो हसले.

सूज उतरल्यावर सोनाक्काने पाय चोळला, आणि सरकार स्वतः चालत तिला देवडीपर्यंत पोचवायला गेले.