कसरीची पहिली ओळ

फार जुन्या काळी, पौष वद्य तृतीयेला, दुपारपर्यंत धुकं हललं नाही त्या दिवशी, वाचनालयाच्या कपाटातल्या एका कसरीने स्वतःचं पुस्तक लिहायला घेतलं. शाईत पाय बुडवून ती कोऱ्या कागदावर चालली आणि एक ओळ झाली. ती वाचून मात्र कसर गोंधळली. ही ओळ आपली, की परवा खाल्लेल्या कादंबरीतली? जन्मभर दुसऱ्यांचीच पुस्तकं पोटात गेलेली; आपलं असं काही आत असेल तरी कुठे? तिने ओळ खाऊन टाकली. दुसरी लिहिली, तीही खाल्ली. संध्याकाळपर्यंत कागदाला नुसती भोकं उरली.

"पोट भरलं का, बाई?" वरच्या कोपऱ्यातल्या जाळ्यातून कोळोबाने विचारलं.

"चेष्टा नको, कोळोबा. मी लिहितेय की जेवतेय, तेच मला कळेनासं झालंय."

"जाळं मीही खातो की. पण रात्रभर टांगून ठेवतो, मग सकाळी खातो. विणता विणताच खाल्लं असतं, तर कधीच उपाशी मेलो असतो."

"आणि कोणी अडकलंच नाही तर?"

"तर नाही. मला तरी कुठे आधी कळतं?"

कसरीला ते धड पटलंही नाही आणि विसरताही येईना. तिने नवी ओळ लिहिली आणि तिच्याकडे न बघता लांब जाऊन झोपली. सकाळी येऊन पाहते, तर कोळोबा कागदावर उतरून बसलेला.

"पुढे काय झालं?" त्याने विचारलं.

फाल्गुनात पुस्तक पुरं झालं. पानं बावीस. भोक एक, सातव्या पानावर.